सेनगांवच्या वाड्याचा जीर्णोद्धार

गेल्या फाल्गुनांत आम्हांस सेनगांवीं जाण्याचा योग आला. निमित्त यात्रेचें नव्हतें, लग्नकार्याचेंही नव्हतें. आमच्या धाकट्या भगिनीचें सासर तेथलें. तिचे यजमान नोकरींतून निवृत्त होऊन वडिलोपार्जित वाड्यांत राहावयास गेले आहेत. त्यांनीं लिहिलें होतें, "निवृत्तीची रक्कम हातीं आली आहे. वाड्याचीं सात बिऱ्हाडें पाडून भाड्यानें द्यावीं असा विचार आहे. मास्तर, आपण या, आणि येतांना पुतण्यासही आणा." आमचा पुतण्या वास्तुविशारद असून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचीं कामें करतो. तेव्हां मानाला काका आणि कामाला पुतण्या, असे आम्ही दोघे निघालों.

पूर्णा-अकोला लोहमार्गावर हिंगोली स्थानकीं उतरून आम्हीं एस. टी.नें सेनगांवची वाट धरली. दिवस हळदीच्या हंगामाचे. शेतोशेतीं हळद शिजविण्याचें काम चाललें होतें, आणि त्या वाफेचा उग्र, मातकट वास गाडींत शिरत होता. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पुढें परभणी जिल्ह्यांत राहिला, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. सेनगांव हें त्यांतील तालुक्याचें ठिकाण. कचेऱ्या, शाळा व महाविद्यालय यांमुळें बाहेरगांवचे नोकरदार आणि विद्यार्थी तेथें खोल्या शोधीत असतात. म्हणजे आमच्या मेहुण्यांचा बेत अगदींच हवेंतला नव्हता.

वाडा जुन्या मराठवाडी वळणाचा. देवडी, मधें उघडा चौक, चौकांत तुळशीवृंदावन, भोंवतीं ओसरी, मागें माजघर व स्वयंपाकघर, आणि त्यामागें परसूं. भिंती दोन-अडीच फूट रुंद, दगड आणि पांढऱ्या मातीच्या. वर माळवद : तुळया, तुळयांवर किलचणें, आणि त्यांवर चोपून बसविलेली माती. बाहेर ऊन रणरणत असतांही आंत पाऊल टाकतांच जीव निवावा असा गारवा. मेहुण्यांनीं मिस्त्रीकडून एक नकाशा काढवून ठेवला होता. चौकावर पत्रा टाकून दोन खोल्या वाढवाव्या. मागील भिंतीस लागून न्हाणीघरें व शौचकूप ओळीनें काढावे. भिंतींस आंतबाहेर सिमेंटचा गिलावा करावा. आणि पुढेंमागें रक्कम जमली कीं वर मजला चढवावा, असा एकंदर घाट होता.

पुतण्यानें नकाशा पाहिला आणि घडी करून खिशांत ठेवला. सबंध सकाळ तो भिंतींवर हलकेच हातोडी मारीत व कान देऊन ऐकत फिरला. दुपारीं माळवदावर चढून त्यानें एके ठिकाणीं सळई खुपसली आणि मातीचा थर मोजला. तो भरला दीड फूट! गळती थांबावी म्हणून पूर्वजांनीं वर्षानुवर्षें वर नवी माती टाकली. जुनी मात्र कोणीं काढली नाहीं. मग त्यानें आम्हांसच प्रश्न घातला. "काका, वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली. वर दीड फूट माती. घनफुटास पंचेचाळीस किलो धरा. ओझें किती?" जन्मभर आम्हीं मुलांना असलीं गणितें घातलीं, पण आपल्यावर पाळी येतांच कागद-पेन्सिल शोधावी लागली. उत्तर आलें तेरा हजार पांचशें किलो, म्हणजे साडेतेरा टन. आणि तेंही एकाच खोलीचें.

"आतोबा, किल्लारीला हेंच घडलें," पुतण्या म्हणाला. वाचकांस ती काळरात्र आठवत असेल. १९९३ सालीं अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं धरणी हादरली, आणि लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारों माणसें आपल्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. जगांतील मोठ्या भूकंपांत त्याची गणना होत नाहीं. घात केला तो घरांच्या बांधणीनें. भिंत बाहेरून एकसंध दिसे, परंतु ती दुपदरी असे : दोन अंगांना दगड, मधें माती व खडी, आणि दोन्ही पदरांस बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसतांच पदर सुटले, आणि वरची माती निजलेल्यांवर आली. जेथें छताचा भार लांकडी खांबांवर होता, तेथें कांहीं ठिकाणीं भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला.

"पण किल्लारी कोठें आणि सेनगांव कोठें!" मेहुणे म्हणाले. त्यावर आमची भगिनी, जी इतका वेळ दारांत उभी राहून ऐकत होती, हळूच म्हणाली, "दादा, २०२४ सालीं मार्चमध्यें इकडे धक्का बसला होता. सकाळचे सहा वाजून गेले होते. माजघरांत माती अशी भुरुभुरु गळली कीं परातींत मळलेली कणीक टाकून द्यावी लागली. जुलैंत पुन्हां बसला. यांना वाटतें, मी विसरलें." ती गोष्ट खरी होती. २१ मार्च २०२४ रोजीं आणि पुन्हां १० जुलैला हिंगोली जिल्ह्यांत ४.५ प्रतीचे धक्के बसले होते. मेहुणे गप्प झाले.

मग पुतण्यानें जो क्रम सांगितला, तो जुनें घर भाड्यास लावूं पाहणाऱ्या प्रत्येकानें टिपून ठेवावा असा आहे. आधीं डोक्यावरचें ओझें उतरवावें : दीड फूट मातीचा थर आठ इंचांवर आणावा आणि त्यांत पाणी न झिरपणारें प्लास्टिक अंथरावें. एवढ्यानेंच निम्म्याहून अधिक भार जातो. नंतर भिंती बांधून घ्याव्या : उंचींत दर दोन फुटांवर व लांबींत दर चार फुटांवर भोंक पाडून, आंकडा असलेली सळई घालून, तें काँक्रीटनें भरावें, म्हणजे दोन पदर एकमेकांस धरून राहतात, आणि दारांच्या माथ्याशीं लोखंडी जाळीचा पट्टा सर्व भिंतींवरून फिरवावा. धान्याचें बळद भिंतींत असल्यास तें बुजवावें, कारण तेथें भिंत पोकळ असते. कोपऱ्याजवळ नवें दार फोडूं नये. पाण्याचें काम मातीच्या भिंतीस लागून कदापि करूं नये. न्हाणीघरें व शौचकूप परसांत वेगळ्या पायावर बांधावे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आंत कोंडते व भिंत आंतून कुजते; तेथें चुनाच बरा. चौक उघडाच ठेवावा, कारण साऱ्या खोल्यांचा उजेड आणि वारा तेथूनच येतो. आणि या भिंतींवर मजला? "आतोबा, तो विचार सोडाच."

कागदपत्रांकडेही त्यानें लक्ष वेधलें. फेरबदलास नगरपंचायतीची परवानगी आणि बांधकाम-अभियंत्याचा तपास आधीं हवा. वाड्यावर भावाबहिणींचीं नांवें असल्यास सर्वांची लेखी संमति घ्यावी. भाडेकरूशीं करार लेखी व नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९, याच्या ५५ व्या कलमान्वयें ती जबाबदारी घरमालकावर आहे. शिवाय एकंदर रकमेचा पांचवा हिस्सा बाजूस ठेवावा असा त्याचा परिपाठ, कारण जुनी भिंत उघडल्यावर आंत काय निघेल हें कोणासही सांगतां येत नाहीं.

मेहुण्यांनीं बोटें मोडलीं. चौक गेला, मजला गेला, मागली रांग गेली. "सातांचीं चारच बिऱ्हाडें राहिलीं. वर हा न दिसणारा खर्च! भाडेकरू काय भिंतींतली सळई पाहून भाडें देणार आहे?"

प्रश्न रास्त होता. ती रक्कम त्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीची होती. पुतण्या उत्तर देण्यापूर्वींच आमची भगिनी म्हणाली, "भाडेकरू पाहणार नाहीं, म्हणूनच आपण पाहायचें. परक्याचीं लेंकरें इथें निजणार आहेत."

आम्हांस त्या क्षणीं संस्कृताच्या तासाची आठवण झाली. वास्तु हा शब्द 'वस्' म्हणजे राहणें या धातूपासून आला आहे. दगड, लांकूड, माती हें सारें नंतरचें. शब्दाच्या मुळाशीं राहणारें माणूस आहे. जो घर भाड्यानें देतो, तो चार भिंतींबरोबर रात्रीच्या निर्धास्त झोंपेचाही सौदा करीत असतो. जीर्णोद्धार म्हणजे देखील जीर्ण झालेल्यास वर उचलणें. जीर्णावर रंग चढविला तर तें नुसतें सोंग होतें.

मेहुण्यांनीं त्या रात्रीं मिस्त्रीचा नकाशा परत मागितला नाहीं. सकाळीं चहा घेतांना त्यांनीं पुतण्यास एवढेंच विचारलें, "चार बिऱ्हाडांचा आराखडा केव्हां देशील?"

वैशाखांत भगिनीचें पत्र आलें. परवानगी हातीं येऊन माळवद उतरविण्यास आरंभ झाला होता. शेजारचे शेतकरी ती पांढरी माती ट्रॉलीनें नेत होते. जुन्या घराची माती पिकास चांगली म्हणून हळदीच्या रानांत टाकणार होते. चार बिऱ्हाडांपैकीं एक तिनें एका शिक्षिकेच्या कुटुंबास आतांच कबूल केलें होतें. शेवटीं तिनें लिहिलें होतें, "दादा, काल प्रथमच माजघरांत निजतांना वर पाहिलें नाहीं."

ज्या वाचकांचे गांवाकडे असे वाडे आहेत, त्यांनीं सुट्टींत घरीं जावें तेव्हां एक सळई बरोबर न्यावी आणि माळवदाची माती एकदां मोजून पाहावी.