पळसाचा केशरी आणि सोळा बिट

आमच्या वाशिम जिल्ह्यात फाल्गुन लागला की पळस पेटतो. पान एक नाही, नुसता केशरी जाळ. काकांच्या शेताच्या बांधावर असाच एक जुना पळस आहे. शेत आता विकलं गेलंय आणि नवा मालक बांध मोकळा करणार म्हणतो. म्हणजे पुढच्या फाल्गुनात फोटो काढायला झाड असेलच असं नाही. काकांना दिवाणखान्यात लावायला मोठी प्रिंट हवी होती.

मी रॉ आणि जेपेग दोन्ही काढले. जेपेग लगेच काकांना पाठवला. फोन आला, "काऊन रे बाबू, पाकळ्या कुठी गेल्या?"

बरोबर होतं त्यांचं. लाल चॅनल सगळीकडे 255 ला टेकलेला, त्यामुळे फुलांच्या जागी नुसते केशरी डाग. कॅमेऱ्याने जेपेग एसआरजीबीत कोंबला होता. रॉमध्ये पाकळ्या शाबूत होत्या. (कॅमेऱ्याच्या मेनूतली कलर स्पेस फक्त जेपेगला लागू होते, रॉला नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

आता रॉ उघडायचा कशात? बहुतेक जण सांगतात, अ‍ॅडोबी आरजीबी घे, मोठी आहे. मोठी आहे खरी, पण कुठे? तिचा लाल आणि निळा बिंदू एसआरजीबीचाच, हिरवा तेवढा लांब नेलाय. पावसाळ्यातल्या सोयाबीनला ठीक, पळसाला जवळजवळ काहीच फायदा नाही! लाल बाजूला खरी जागा देते ती कोडॅकची प्रोफोटो. इतकी ऐसपैस, की तिचे काही कोपरे माणसाला दिसणाऱ्या रंगांच्याही बाहेर जातात.

आणि इथे बिट आले. शेताच्या मोजणीसारखं समजा. कलर स्पेस म्हणजे जमीन, बिट म्हणजे खुंट्या. आठ बिटांत प्रत्येक चॅनलला 256 खुंट्या. जमीन वाढवली आणि खुंट्या तेवढ्याच ठेवल्या, तर दोन खुंट्यांत अंतर पडणारच. मग झाडामागच्या संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसतात. कॅमेरा 12 बिटांत 4,096 किंवा 14 बिटांत 16,384 पायऱ्या मोजतो. त्या हातच्या घालवायच्या कशाला? म्हणून प्रोफोटो घ्यायची तर सोळा बिटच. 24 मेगापिक्सेलची टिफ फाइल 72 ऐवजी 144 एमबी होते. होऊ दे. झाड परत मिळणार नाहीये.

एक गोची मात्र आहे. माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन जेमतेम एसआरजीबी दाखवतो, म्हणजे अर्धं काम आंधळं. आणि लॅबला शेवटी आठ बिट एसआरजीबीच हवा. मग एवढा खटाटोप कशासाठी? तर रंग कुठे आणि किती सोडायचा हे मी ठरवावं, म्हणून. सरळ रूपांतर केलं की हद्दीबाहेरचे रंग काठावर आणून आपटले जातात आणि पाकळ्या पुन्हा गायब. मी सॉफ्ट प्रूफ लावून फक्त केशरीची संपृक्तता हळूहळू उतरवली, उजेड थोडा कमी केला, तेव्हा पाकळीची कड आणि चोचीसारखा बाक दिसू लागला. रंग किंचित फिका झाला, फूल परत आलं. माझ्या मते सौदा चांगला.

जाता जाता, वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. इथल्या वाकाटकांच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची लेणी रंगली, तेव्हा निळ्यासाठी लाजवर्द अफगाणिस्तानातून आणलं गेलं. रंगासाठी लांब जाण्याची खोड आमच्याकडे जुनीच म्हणायची.

असो. प्रिंट आली. काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली. मग खालच्या फांदीवर बोट ठेवून म्हणाले, "इथी आमचा बैल बांधत जाओ."