पाचव्या मिनिटाचा बँड

पेशींना वाढ-घटक दिल्यावर वेस्टर्न ब्लॉटवर दिसणारा पाचव्या मिनिटाचा बँड सगळ्यांनाच आवडतो. ४४ आणि ४२ किलोडाल्टनच्या जागी दोन काळ्याभोर रेघा उमटल्या, की ईआरके किनेज कामाला लागलं म्हणायचं. त्या एकट्या लेनवर माझा मात्र भरवसा नाही.

मी पीसी-१२ पेशी वाढवते. रॅटच्या ॲड्रेनल ग्रंथीतल्या गाठीपासून ग्रीन आणि टिशलर यांनी १९७६ मध्ये तयार केलेल्या या पेशी डिशला नीट चिकटत नाहीत, सारखे पुंजके करतात. म्हणून खाली कोलॅजेनचा थर द्यावा लागतो. त्यांना एनजीएफ (चेतापेशी-वाढ घटक) दिलं की विभाजन थांबतं आणि काही दिवसांत चेतापेशीसारखे लांब तंतू फुटतात. ईजीएफ (बाह्यत्वचा-वाढ घटक) दिलं तर त्या विभागतच राहतात. गंमत म्हणजे स्टॅन्ली कोहेन यांना हे दोन्ही घटक मिळाले ते नर उंदराच्या एकाच लाळग्रंथीतून. एनजीएफ शोधता शोधता ग्रंथीचा अर्क दिलेल्या नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडताना दिसले, आणि ईजीएफचा माग लागला.

पेशीच्या आतही दोघांच्या संदेशाची वाट बरीचशी एकच आहे: रास, राफ, मेक, ईआरके. पाचव्या मिनिटाला दोन्ही लेन जवळजवळ सारख्याच दिसतात. तासाभरानं ईजीएफची लेन फिकी पडते, एनजीएफची तशीच गडद राहते. पेशीनं काय व्हायचं, हे बरंचसं या टिकण्यावर ठरतं.

त्यामुळे माझं निम्मं कौशल्य घड्याळात आणि बर्फात आहे. पेशी फोडल्यावरही फॉस्फटेज थांबत नाहीत, ईआरकेला चालू करणारे फॉस्फेट उतरवत बसतात. बफर गार हवा, त्यात फॉस्फटेज रोखणारं व्हॅनाडेट हवंच. आदल्या रात्री सीरम कमी करायचं. नुसतं माध्यम बदललं तरी ईआरके दचकतं, म्हणून घटक न दिलेल्या डिशचंही माध्यम त्याच वेळी, तितक्याच हलक्या हातानं बदलायचं. ही डिश टाळून काढलेले आलेख मी वाचत नाही. हट्ट म्हणा हवं तर.

१९९४ मध्ये या पेशींवर ईजीएफचे ग्राही मुद्दाम वाढवून पाहिले गेले. मग ईजीएफनंही ईआरके टिकून राहिलं आणि तंतू फुटले! म्हणजे ग्राही किती आहेत, यावरही सगळा खेळ. फार पॅसेज झालेल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा नव्या डिशमध्ये हलवलेल्या पेशी मुकाट्यानं बदललेल्या असतात. म्हणून नवी व्हायल उघडली की कुठलंही औषध तपासण्याआधी मी नुसत्या ईजीएफचा दोन तासांचा ब्लॉट काढते. तासाभरानंतरही बँड गडद राहिला, तर ती व्हायल बाद.