वार्तापत्राची जुळणी कशात करावी?

मराठी वार्तापत्रासाठी डीटीपीचे सॉफ्टवेअर निवडताना किंमत आणि सोयी नंतर येतात. आधी येते लिपी. भाईंदर पूर्वेला नवघर रोडवरच्या आमच्या सोसायटीचे त्रैमासिक वार्तापत्र चार पानी आहे. ए-थ्री कागद दोन्ही बाजूंनी छापायचा आणि मधोमध घडी घालायची. आकार एवढासा, पण मजकूर मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत येतो, तोही व्हॉट्सॲपवरून. फोनवर टाइप केलेला हा मजकूर युनिकोडमध्ये असतो, आणि निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे पेजमेकर चालले. ॲल्डस कंपनीने ते १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी काढले, १९९४ मध्ये ते ॲडोबीकडे गेले आणि २००१ मधली ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती ठरली. देवनागरी युनिकोड त्याला कळत नाही. त्यामुळे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरून मराठी उमटवावी लागे. या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढला की पानावर अगम्य चिन्हे उरतात. व्हॉट्सॲपचा मजकूर अशा फाइलीत घ्यायचा तर तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि रफार, पहिली वेलांटी व जोडाक्षरे नेमकी तिथे घसरतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ हे शब्द तर सोसायटीच्या अंकात हमखास असतात, आणि ‘वार्षिक’मध्ये वेलांटी व रफार दोन्ही एकाच ‘ष’वर येतात. दोहोंपैकी एक जरी सरकले तरी मथळा हास्यास्पद दिसतो. जुन्या ऑपरेटरांचा हात मात्र पेजमेकरवर असा बसलेला असतो, की त्यांच्या वेगापुढे नव्या मंडळींनी फार बोलू नये.

इनडिझाइन १९९९ मध्ये आले आणि पेजमेकरची जागा त्याने घेतली. भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या सीएस-सिक्स आवृत्तीपासून त्यात रीतसर मिळते; पण परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावावा लागतो, नाहीतर वेलांटी उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. सॉफ्टवेअर उत्तम आहे, यात वाद नाही. अडचण वर्गणीची. वर्षाला चार अंक काढणाऱ्या सोसायटीच्या खजिनदाराला बारा महिन्यांचे भाडे जिवावर येते.

कोरलड्रॉ बॅनर आणि लग्नपत्रिकांना झकास, पण पानामागून पान मजकूर चालवायला जड जाते. कॅन्व्हावर सणाच्या शुभेच्छा चटकन होतात. एका चौकटीत न मावलेला मजकूर पुढच्या चौकटीत आपोआप जात नाही. वर्डमध्ये फोटो जरा हलवला की अख्खे पान पळते.

उरले स्क्रायबस. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. जुन्या आवृत्त्यांत देवनागरी मोडत असे; २०१७ मधल्या १.५.३ पासून ती नीट जुळू लागली, त्यामुळे १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्यावी. दिसायला ते रुक्ष आहे आणि मेन्यूंची सवय व्हायला वेळ लागतो. पण चौकटी एकमेकींना जोडता येतात, छपाईचे चार रंग सांभाळले जातात आणि छापखान्याला लागणारा पीडीएफ फॉन्टसकट बाहेर पडतो. गूगलचे नोटो फॉन्ट देवनागरी आणि गुजराती दोन्हींत मोफत मिळतात, म्हणून तिन्ही भाषांची पाने एका घरातली वाटतात.

निर्णयाआधी एक चाचणी घ्यावी. ‘वार्षिक’, ‘दुसऱ्या’, ‘उद्घाटन’, ‘हृदय’, ‘श्री’ हे शब्द आणि गुजरातीच्या दोन ओळी असलेला परिच्छेद व्हॉट्सॲपवरून उचलून सॉफ्टवेअरमध्ये टाकावा, पीडीएफ करावा आणि कागदावर छापून वाचावा. ‘दुसऱ्या’तला अर्धा र बिघडला तर ते सॉफ्टवेअर किंवा तो फॉन्ट बाद. छापखान्याला कडेने किती जादा रंग सोडायचा हे आधी विचारावे. सहसा ३ मिलिमीटर सांगतात. फोटो मात्र डॉक्युमेंट म्हणून मागवावेत, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास व्हॉट्सॲप ते दाबून लहान करते आणि छपाईत चेहरे फुटतात.

चार पानी त्रैमासिकाला स्क्रायबस पुरते. अंक मासिक झाला आणि जाहिरातींचे पैसे येऊ लागले, तर इनडिझाइनची वर्गणी भरायला हरकत नाही.