तळटीपेतलं नाव

शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं खालसा केली आणि गावोगाव पगारी तलाठी नेमले. गावचं दप्तर कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, हा माझा पीएच.डी.चा विषय. दिवसभर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडीचे रुमाल सोडायचे आणि संध्याकाळी गाईड सरांना टिपणं दाखवायची.

याच विषयाला लागून एका प्राध्यापकांनी आधी काम केलं होतं. गावागावांचे तक्ते त्यांनी फार कष्टानं मांडले होते. माझ्या पहिल्या प्रकरणात त्यांचा उल्लेख वारंवार आला. सर म्हणाले, "हे नाव काढ. मूळ कागद तूच बघ." मूळ कागद बघायला सांगणं रास्तच, पण कारण वेगळं होतं. एका नेमणुकीवरून दोघांचं बोलणं तुटलं होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तक्ते मी पुन्हा केले. अख्खा पावसाळा त्यात गेला आणि आकडे बहुतेक तेच निघाले. तेवढ्या काळात भुदरगडकडचे कागद बघून झाले असते. ते माझ्या प्रबंधात नाहीतच. ही हानी माझ्यापुरती नाही, भुदरगडच्या इतिहासाची आहे. सबमिशनच्या आधी मी सरांना स्पष्ट सांगितलं, की हे काम आधी झालंय हे लिहिल्याशिवाय प्रबंध देणार नाही. बरीच वादावादी झाली. एक तळटीप राहिली.

संशोधकाला ओढ असू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं. त्याचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार. 'ताराबाईकालीन कागदपत्रे' त्यांनीच संपादित केली. करवीरच्या गादीबद्दलची माया त्यामागे होती, असं मला वाटतं. पण ते कागद छापले गेले, आणि छापलेला कागद संपादकाच्या मताविरुद्धही वापरता येतो. आमच्याकडच्या भांडणानं कागद झाकले. मोजायचं असेल तर कागद उघडे झाले की झाकले, हे मोजावं. २०१० साली यूजीसीनं बढतीला एपीआयचे गुण लावले. त्यात लेखांची संख्या मोजली जायची, आधीच्या माणसाचं ऋण मानलं की नाही हे नाही.

आता भुदरगडचा विषय माझ्या एका विद्यार्थिनीनं घेतलाय. तिला मी त्याच प्राध्यापकांकडे पाठवलं. त्यांनी आधी विचारलं, "गाईड कोण तुझे?" तिनं माझं नाव सांगितलं, माझ्या सरांचंही. वह्या त्यांनी दिल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय.