स्टॉपर

26 ऑक्टोबर 2022, लिस्बन
पाडवा. रात्री लुझ स्टेडियमवरून घरी पोचायला साडेबारा झाले, तरी सकाळी लवकर उठून पणती लावली. घसा बसलाय. बेन्फिकानं युव्हेंटसला 4-3 हरवलं आणि चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत गेली. मेट्रोत अख्खा डबा गात होता.

पहिला गोल 17व्या मिनिटाला, हेडर, आंतोनियो सिल्वाचा. येत्या सोमवारी या पोराला 19 पूर्ण होतील. दोनच महिन्यांपूर्वी, 27 ऑगस्टला, बोआविस्ताच्या मैदानावर तो मोठ्या संघाकडून पहिली मॅच खेळला. त्याच्या पुढचे बॅक जखमी होते म्हणून संधी मिळाली. तेव्हापासून प्रशिक्षक रॉजर श्मिटनी त्याला बाहेर बसवलेलं नाही. पाठीवर अजून 66 नंबर आहे, नव्या पोरांना देतात तसला.

गोलपेक्षा मला शेवटची दहा मिनिटं आठवतायत. 4-1 होतं, आणि दोन मिनिटांत 4-3 झालं. स्टेडियम गप्प. तेव्हा मी बॉलकडे बघायचं सोडून फक्त त्याच्याकडे बघत बसलो. बॉल पलीकडच्या कडेला असला की हा मान वळवतो, मागं कोण आहे ते बघतो, अर्धं पाऊल सरकतो, पुन्हा मान वळवतो. शेजारी ओतामेंदी, चौतीस वर्षांचा अर्जेंटिनाचा गडी, हातानं खुणा करतोय. एकदा क्रॉस आला आणि सिल्वा आधीच तिथं उभा होता. उडीसुद्धा मारावी लागली नाही. कुणी टाळी वाजवली नाही. मी वाजवली. कोल्हापुरात अकरा वर्षं स्टॉपर खेळलोय मी. त्या अर्ध्या पावलाची किंमत मला माहीत आहे.

13 नोव्हेंबर 2022, रविवार
काइश दु सोद्रेहून बोटीनं सेइशालला गेलो. तेज नदी ओलांडायला वीसेक मिनिटं लागतात. बेन्फिकाची अकादमी पलीकडच्या खाडीकाठी आहे, 2006 पासून. आत जाता येत नाही. कुंपणाबाहेरून हिरवळीचा एक कोपरा दिसला आणि शिट्टी ऐकू आली. रूबेन डियाझ इथलाच, बर्नार्डो सिल्वा इथलाच.

आंतोनियो विझेउकडचा. लिस्बनपासून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, डोंगराळ मुलूख, दांव वाईनचा. जुआंव फेलिक्सही विझेउचाच. 2019 मध्ये आतलेतिको माद्रिदनं त्याच्यासाठी 12.6 कोटी युरो मोजले. पुढच्याच वर्षी रूबेन डियाझला मँचेस्टर सिटीनं नेलं ते 6.8 कोटींना, आणि बॅकसाठी तेही डोळे फिरवणारे होते. गोल करणाऱ्याचा आणि गोल अडवणाऱ्याचा भाव असा ठरतो. मला हे कधीच पटलेलं नाही.

गेल्या गुरुवारी विश्वचषकाचा संघ जाहीर झाला. राष्ट्रीय संघाकडून एकही मॅच न खेळलेला आंतोनियो त्यात आहे. कोपऱ्यावरच्या कॅफेचे मालक विझेउकडचेच. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतायत, ‘आमचा पोरगा.’

2 डिसेंबर 2022
ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली. दुपारी तीनला कॅफेत कोरियाविरुद्धची मॅच. पोर्तुगालच्या बचावफळीच्या मध्यभागी दोघं: पेपे, 39 वर्षांचा, आणि आंतोनियो, 19 वर्षं एक महिन्याचा. बापलेक शोभतील एवढं अंतर. विश्वचषकात खेळलेला पोर्तुगालचा हा सर्वांत लहान खेळाडू. पेपे पोर्तोचा, म्हणजे बेन्फिकावाल्यांचा दरवेळचा वैरी, पण आज मालकांनी त्याचंही नाव प्रेमानं घेतलं.

2-1 असे हरलो, दुसरा गोल भरपाईच्या वेळेत. पोर्तुगाल आधीच पुढं गेलेला असल्यानं कुणी फार मनाला लावून घेतलं नाही.

27 मे 2023
चॅम्पियन! सांता क्लाराला 3-0. बेन्फिकाचं हे 38वं लीग विजेतेपद, चार वर्षांनी. मार्केश द पोंबालच्या चौकात मध्यरात्रीही पाय ठेवायला जागा नव्हती.

एप्रिलमध्ये इंटरकडून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडलो, तेव्हाही मिलानच्या 3-3 मधला एक गोल आंतोनियोचाच होता. 66 नंबरचे शर्ट आता पोरांच्या अंगावर दिसतात. बॅकचा शर्ट विकत मागणारं पोर बघून बरं वाटलं.

20 सप्टेंबर 2023
कालच घरी गणपती बसवला. दीड दिवसाचा, म्हणून आज दुपारी बादलीत विसर्जन करून स्टेडियमवर गेलो. साल्झबुर्ग. दीड वर्षापूर्वी न्योंला युवा संघांच्या युरोपियन अंतिम सामन्यात बेन्फिकाच्या पोरांनी याच साल्झबुर्गला 6-0 धुतलं होतं. आंतोनियो त्या पोरांतला. आता पाठीवर 4 नंबर, लुईझाओनं वर्षानुवर्षं घातलेला.

तेराव्या मिनिटाला गोलरेषेवर बॉल त्याच्या हातानं अडला. लाल कार्ड, पेनल्टी, गोल. शेवटी 0-2.

मी ते क्षणभर पाहिलं आणि माझाच हात आखडला. गोलरेषेवर उभ्या बॅकचा हात डोक्याच्या परवानगीनं उठत नाही. पुढचा विचार करणारं डोकं आणि बॉल दिसताक्षणी हलणारं अंग, त्यांच्यात अंग आधी पोचतं. मैदानाबाहेर जाताना तो खाली बघत होता. माझ्यामागचे एक आजोबा उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आमच्या रांगेतले आणखी काही जण उठले.

26 जून 2024
युरो. जर्मनीत गेल्सनकिर्शेनला जॉर्जियाविरुद्ध. चेक आणि तुर्की या दोघांना हरवून पोर्तुगाल गटात पहिला आलेला, म्हणून प्रशिक्षक मार्टिनेझनी बरेचसे खेळाडू बदलले. पेपेला विश्रांती, आंतोनियो संघात. जॉर्जियाची ही आयुष्यातली पहिली मोठी स्पर्धा.

मॅच सुरू होऊन दीड मिनिट. आंतोनियोचा पास आडवा-मागं गेला, तो थेट मिकाउताद्झेच्या पायात. त्यानं क्वारात्सखेलियाला पुढं सोडलं आणि 93व्या सेकंदाला गोल. दुसऱ्या हाफमध्ये लोचोशविलीला आंतोनियोचा पाय लागला, व्हीएआरनं पेनल्टी दिली, 2-0. 66व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं.

कॅफेत आधी शिव्या उठल्या. मग तो बाहेर जाताना कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबला, आणि मालक काउंटर पुसता पुसता एकच शब्द बोलले: ‘कुइतादु.’ बिचारा. आपल्याकडे बिचारा म्हणताना थोडी कीव असते. त्यांच्या आवाजात मात्र घरचं माणूस आजारी पडल्यावर असतो तो सूर होता.

27 जून 2024
सकाळी कोल्हापूरहून दादाचा फोन. तिकडं पाऊस लागलाय.

‘तुझ्या पोरानं घातला की रं घोळ!’
‘वीस वर्षांचा आहे दादा तो.’
‘तू किती वर्षांचा होतास?’

तेवीस. शाहू स्टेडियम, 1998 चा मे, उपांत्य सामना. दुपारी वळवाचा पाऊस कोसळून गेलेला. मी गोलकीपरला बॅकपास दिला. दिला बरोबर, दिशा बरोबर, जोर बरोबर. गोलच्या अलीकडे सहा फुटांवर चिखल होता, त्यात बॉल रुतला. त्यांचा फॉरवर्ड माझ्या खांद्यावरून गेला. त्या हंगामात मी किती बॉल अडवले असतील, एकाचीही आठवण कुणाला नाही. त्या एका बॉलची आठवण पेठेत चहाच्या टपरीवर अजून निघते.

‘अजून विचारत्यात लोक,’ दादा म्हणाला, ‘त्यो चिखलातला पास दिलेला गडी परदेशात काय करतोय म्हणून.’
मी गप्प. मग त्याचाच आवाज खाली आला. ‘दुसऱ्या दिशी पहाटं तू एकटाच ग्राउंडवर गेलतास. मला ठाव हाय. मी मागनं आलतो. तू तिथंच, त्याच जाग्यावरनं, बॉल मारत हुतास.’

26 वर्षांत हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

6 जुलै 2024
काल फ्रान्सविरुद्ध पेनल्टीवर हरलो. पेपे 41 व्या वर्षी 120 मिनिटं खेळला आणि शेवटी रडला. जॉर्जियानंतर आंतोनियो मैदानात उतरलाच नाही. पेपेच्या नावावरही कमी वाईट दिवस नाहीत. 2014 च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध म्युलरला डोकं लावून पहिल्या हाफमध्येच बाहेर गेला होता. काल त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्या मॅचचं नाव कुणीही काढलं नाही. मधे दहा वर्षं खेळावं लागलं त्याला.

2 ऑक्टोबर 2024
श्मिट गेले, ब्रूनो लाज आले. आज आतलेतिको माद्रिदला 4-0! लुझमध्ये इतका आनंद मी क्वचितच पाहिला असेल.

बचावफळीत ओतामेंदीच्या शेजारी तोमाश अराउजो होता. न्योंच्या त्या 6-0 च्या रात्री आंतोनियोच्या जोडीला खेळलेला, सेइशालचाच. फार सुंदर खेळला. आंतोनियो अकरांत नाही.

मी आज पाऊण तास आधीच जाऊन बसलो होतो. अकरा जणांचा सराव एकीकडे, राखीव खेळाडूंचा दुसरीकडे, वर्तुळ करून एका स्पर्शात पास. दिवे लागलेले, गवतावर नुकतंच पाणी मारलेलं, बॉल सरकताना बारीक फवारा उडत होता. माझ्या शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी बापाच्या मांडीवर बसली होती. तिच्या अंगात जुना शर्ट, गुडघ्यापर्यंत येणारा, पाठीवर 66.

‘त्यांतला तो कोणता?’ मी माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारलं.

तिनं बोट दाखवलं नाही. उठून उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जोरात हाक मारली, ‘आंतोनियो!’