पत्रादेवीची परेड

म्हापशात कुणालाही पत्रादेवी विचारा, तो नाका सांगेल. गाडी थांबते, पोलीस डिकी उघडायला लावतो, पिशवीत बाटल्या किती याची चौकशी होते आणि गाडी पुढे बांद्याला लागते. आपल्या सिंधुदुर्गातल्या लोकांची ओळखही एवढीच. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराला जाणारे, बांबोळीला पेशंट घेऊन धावणारे, गोव्यात नोकरीला जाऊन-येऊन असणारे, सगळे या वाटेने जातात. रस्त्यालगतच्या हुतात्मा स्मारकाकडे बघायला सवड कुणाला?

गेल्या पंधरा ऑगस्टला मी मुद्दाम त्या स्मारकासाठी गेलो. म्हापशातल्या एका शाळेत स्काउटचे काम बघणारे माझे स्नेही मुलांना घेऊन निघाले होते. त्यांच्या बसमध्ये मलाही जागा मिळाली. सकाळी सात वाजता पावसाची झिमझिम चालू होती. तीसेक मुले-मुली, गळ्यात स्कार्फ, बुटांना रात्री केलेले पॉलिश आणि त्यावर सकाळचाच चिखल. करासवाड्याहून बस कोलवाळच्या पुलावर आली तेव्हा शापोरा नदी तुडुंब लाल वाहत होती. पूल ओलांडला की पेडणे तालुका. आता धारगळपाशी मोपा विमानतळाच्या पाट्या दिसतात, रस्ता रुंद झाला आहे. पुढे तोर्से आणि मग पत्रादेवी. म्हापशापासून पुरता तासही लागत नाही.

खरे तर हा तालुका आपल्याला परका कधी नव्हताच. १७८८पर्यंत पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते, त्यानंतर ते पोर्तुगिजांकडे गेले. राज्ये बदलली म्हणून सोयरिकी थोड्याच तुटतात? माहेर अलीकडे तर सासर पलीकडे, कुळाचा देव एकीकडे आणि घर दुसरीकडे, हे इथे घरोघरी. पण १९५५च्या ऑगस्टनंतर भारत सरकारने सीमा बंद केली आणि १९६१च्या डिसेंबरपर्यंत हीच सीमा घरांच्या मधून गेलेली भिंत झाली.

त्या ऑगस्टची पंधरा तारीख सांगितल्याशिवाय पत्रादेवी कळायची नाही. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली होती. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन गोव्यात शिरले, मागोमाग जगन्नाथराव जोशी गेले, मधू लिमये गेले. मारहाण झाली, लांबलचक शिक्षा झाल्या. सीमेच्या आतही काही वेगळे नव्हते. म्हापशाजवळच्या अस्नोड्याचा बाळा राया मापारी त्याच वर्षी फेब्रुवारीत पोलिसांच्या कोठडीत छळ सोसून गेला. गोवा मुक्तिलढ्यातला पहिला हुतात्मा म्हणून त्याचे नाव घेतात. मग स्वातंत्र्यदिनी देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी एकाच दिवशी सरहद्द ओलांडायला निघाले. हाती झेंडा, दुसरे काही नाही. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे गेली.

पत्रादेवीला झेंडा घेऊन पुढे असलेल्या मध्य प्रदेशातल्या सहोद्राबाई राय यांना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेवर निवडून गेल्या. पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैलसिंग हा तरुण शिक्षक मात्र इथेच पडला. वय पंचविशीच्या आसपास, लग्न नुकतेच झालेले. त्याच सत्याग्रहात उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गेले. तेरेखोलला हिरवे गुरुजी गेले. कोण कुठला? कुणी कम्युनिस्ट, कुणी संघाचा, कुणी समाजवादी. एरवी एका मांडवात बसले नसते अशी ही माणसे एका वाटेने आली होती.

आम्ही पोचलो तेव्हा माजी सैनिक आधीच रांगेत उभे होते. काहींच्या कोटावर पदके, एक-दोघांच्या हातात काठी. स्वातंत्र्यसैनिकांसाठी पुढे खुर्च्या मांडल्या होत्या. बहुतेक रिकाम्या. सत्तर वर्षांपूर्वी वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीत, येणार कसा? ज्या खुर्च्या भरल्या होत्या, त्यांतल्या काहींवर मुलगा किंवा सून बसलेली होती.

संचलन छोटेसेच झाले. आधी माजी सैनिक, मागून आमची पोरे. म्हाताऱ्यांचे पाऊल सावकाश पडत होते आणि मुलांचे पाय घाई करत होते, त्यामुळे मधले अंतर सारखे कमी होई. स्काउट मास्तर दबक्या आवाजात "हळू, हळू" करत होते. स्मारकासमोर सैनिकांनी पुरा तळवा कपाळाशी नेला, मुलांनी तीन बोटांचा सलाम केला. पुष्पचक्र वाहिले, दोन मिनिटे शांतता. ती दोन मिनिटे ट्रकवाल्यांना कोण सांगणार? हॉर्न वाजत राहिले. मग भाषणे झाली, लांबली. त्यांत "अनेक ज्ञात-अज्ञात हुतात्मे" चारदा आले. नावे आली ती एक-दोन.

मला तेव्हा पुण्याजवळचे खडकीचे युद्धस्मशान आठवले. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथे आहेत. ओळीने सारखे दगड आणि त्यांवर नाव, पलटण, तारीख, बहुतेकांवर वय. नात्यातले कुणी तिथवर येणार नाही हे ठाऊक असूनही प्रत्येकाची नोंद ठेवली आहे. ते पगारी सैन्य होते, मागे सरकार होते, दफ्तर होते. सत्याग्रह्याला कसली पलटण आणि कसला नंबर! पत्रादेवीला कबरी नाहीत. म्हणूनच इथे नावे मोठ्याने वाचायला हवीत, प्रत्येकाच्या गावासकट. वीस-पंचवीस नावांना पाच मिनिटेही लागणार नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर मुलांना बटाटवडे मिळाले. झाडाखाली बांद्याचे एक आजोबा छत्री टेकून उभे होते. सत्याग्रह झाला तेव्हा ते दहा वर्षांचे. बांद्याला सत्याग्रहींचा तळ होता, तिथे पाण्याच्या कळशा भरायला पोरे होती, त्यांतले ते एक. आमच्यातली एक मुलगी वडा हातात धरून त्यांना विचारत होती, "आजोबा, तुम्ही गोळीबार बघितलात?"

"नाय गो बाय. आमका पुढे कोण सोडता? सकाळी गाणी म्हणत गेली ती माणसां बघलंय. मागे हाडली तीय बघलंय." थोडे थांबून म्हणाले, "सगळ्यांका वाटला, लाठ्ये मारतले. गोळ्ये घालतले असा कोणाक वाटला हुता!"

"त्यांतलं कुणी तुमच्या ओळखीचं होतं?"

"ओळख खयची? भासाच कळा नाय. एक सरदारजी पाणी पियालो नि माज्या डोक्यार हात ठेवलो."

तो कर्नैलसिंगच होता का, हे तिने लगेच विचारले. आजोबांनी मान हलवली. सरदारजी बरेच होते, म्हणाले, नाव विचारायची अक्कल तेव्हा नव्हती. मुलीने वडा मैत्रिणीकडे दिला, खिशातली छोटी वही काढली आणि माझ्याकडून स्पेलिंग विचारून घेत इसरू, उज्जैन, अस्नोडा अशी गावे लिहिली. अस्नोडा लिहिताना म्हणाली, "हे तर माझ्या मामाचं गाव."

परतताना बसमध्ये तिने इसरूची चौकशी लावून धरली. ते गाव लुधियाना जिल्ह्यात, खन्ना शहराजवळ. दर पंधरा ऑगस्टला तिथेही कर्नैलसिंगाच्या नावाने मोठा मेळावा भरतो, आसपासच्या गावांतून लोक येतात. म्हणजे आम्ही धारगळला चिखलातून वाट काढत होतो, त्याच दिवशी तिकडे पंजाबात पत्रादेवीचे नाव घेतले जात होते. स्काउट मास्तर म्हणाले, तिथल्या शाळेला मुलांकडून पत्र लिहून घेऊ. कोणत्या भाषेत लिहायचे यावर मुलांचा वाद कोलवाळच्या पुलापर्यंत चालला. शेवटी हिंदीत ठरले, आणि खाली प्रत्येकाने आपापले नाव नि गाव लिहायचे.