एकास पन्नासचा चढ

शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर विमानाने साडेचार तासांचे. आगगाडीने ५२ तास लागतात. आम्ही आगगाडीने जाणार म्हटल्यावर शिकागोच्या माझ्या नणंदबाईंनी कपाळाला हात लावला. "वहिनी, इथे लांबच्या गावाला गाडीने कोण जातं? म्हातारीकोतारी, नाहीतर विमानाला भिणारी!" मी हसले. यांना विमानाची भीती नव्हती. होती ती आगगाडीचीच; पण हे नणंदबाईंना सांगायचे कसे?

माझे यजमान चोवीस वर्षे आगगाडीचे इंजिन चालवीत होते. मुंबई-पुणे मार्ग, भोर घाट. २०२३ साली डोळ्यांची तपासणी झाली आणि इंजिनावरून उतरून त्यांना कचेरीत टेबलाशी बसावे लागले. नोकरी चालू, पगार चालू. शेजारणी म्हणाल्या, "बरं झालं बाई, रात्रीच्या पाळ्या सुटल्या!" फक्त त्या दिवसापासून घरात 'गाडी' हा शब्द निघेनासा झाला. पुण्याला सासूबाईंकडे जायचे तरी हे मुकाट्याने एस.टी.चे तिकीट काढीत. म्हणून २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेला गेलो तेव्हा 'कॅलिफोर्निया झेफर'ची तिकिटे मी परस्पर काढून टाकली. काही औषधे विचारून द्यायची नसतात.

दुपारी दोनला गाडी सुटली. आमची खोली साडेतीन फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. समोरासमोर दोन खुर्च्या. रात्री त्यांचाच पलंग होतो आणि वरून दुसरा खाली ओढायचा. वरच्याला खिडकी नाही. मी न सांगता वर चढले. संध्याकाळी बर्लिंग्टनपाशी मिसिसिपी ओलांडली. हे खिडकीतून बाहेर बघत होते, पण तोंडाला कुलूप. रात्री मात्र अंधारात खालून आवाज आला, "ऐकलंस? दोन लांब, एक आखूड, एक लांब. फाटक आलं की इथे असा भोंगा देतात." मी बरे म्हटले. आपल्याकडे एकच लांबलचक शिट्टी असते, एवढे रेल्वेवाल्याच्या बायकोला ठाऊक असतेच. त्या रात्री किती फाटके गेली कोण जाणे; हे बहुधा सगळी मोजत होते.

सकाळी डेन्व्हर. गाव समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच. गाडी इथे बराच वेळ थांबते आणि इंजिनावरची माणसे बदलतात. मी फलाटावर चहा शोधत होते (मिळाला तो चहा म्हणवत नाही). वळून पाहते तो हे पार पुढे, इंजिनाशी! खिडकीतून एक धिप्पाड गृहस्थ वाकून यांच्याशी बोलत होता. अमेरिकेत इंजिन चालवणाऱ्याला 'इंजिनियर' म्हणतात. मुलाने इंजिनियर व्हावे ही सासूबाईंची जन्माची इच्छा, त्यांना हे कळले असते तर! मी जवळ गेले तेव्हा तो विचारीत होता, "आणि आता कोणती गाडी चालवता?" हे म्हणाले, "आता नाही. डोळे." त्या माणसाने हातमोजा काढला आणि खाली हात दिला. एवढेच. पण वर्षभरात तो शब्द यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

डेन्व्हर सुटले की रॉकी पर्वताचा चढ लागतो. एका मोठ्या वळणावर जुने मालडबे मातीने भरून ओळीने कायमचे उभे केले आहेत. वारा एवढा, की गाडीला आडोसा हवा. काचेच्या छताच्या डब्यात सगळे फोटो काढीत होते. यांनी शेजारच्या आजोबांना विचारले, "चढ किती आहे?" आजोबांना ठाऊक होते. शंभर फुटांना दोन फूट, म्हणजे एकास पन्नास. "एकास पन्नास!" हे हसले, अगदी मोकळे हसले. "आमचा भोर घाट एकास सदतीस. मागून इंजिनं लावून ढकलतो आम्ही गाडी. १८६३ पासून!" मग काय विचारता! आजोबा ऐकत आहेत, पलीकडची दोन पोरे ऐकत आहेत, आणि हे टेबलावर बोटाने कर्जत, पळसदरी, लोणावळा काढून दाखवताहेत. एकेरी मार्गावर समोरची मालगाडी जाईपर्यंत थांबलो तेव्हा का थांबलो तेही यांनीच सांगितले. मी विद्यार्थ्यांना शिकवते. इतके तल्लीन ऐकणारे विद्यार्थी मला लाभलेले नाहीत.

पुढे १९२८ सालचा मॉफट बोगदा, सहा मैलांहून लांब. आत असेपर्यंत डब्यांमधली दारे उघडू नका, धूर येईल, अशी सूचना होते. बाहेर आलो की पाणी पलीकडच्या महासागराकडे वाहू लागते, आणि कोलोरॅडो नदी दिवसभर सोबतीला. नदीतल्या होड्यांतली तरणी मंडळी आगगाडी दिसताच पाठमोरी होऊन जो नमस्कार करतात, तो दिवाळी अंकात वर्णन करण्यासारखा नाही. एवढी जुनी परंपरा आहे म्हणे.

त्या रात्री सॉल्ट लेक सिटी यायच्या आधी खालून पुन्हा आवाज आला. "तपासणीची तारीख आली नव्हती."

"कसली?"

"डोळ्यांची. मीच जाऊन सांगितलं. रात्री सिग्नलच्या दिव्याभोवती कडं दिसायला लागलं होतं. पळसदरीला एकदा पिवळा की हिरवा, क्षणभर कळेना. मागे हजारभर माणसं झोपलेली असतात गं."

मी समजत होते, डॉक्टरांनी यांना उतरवले. यांना तसे वाटू द्यायचे होते की काय, ते मी विचारले नाही. अंधारात हात खाली सोडला. पोचला की नाही ते बघत होते, तर यांनी तो धरला.

सकाळी नेवाडाचे वाळवंट. मग सिएरा नेवाडाचा घाट. इथला खडक चिनी मजुरांनी हातांनी आणि सुरुंगांनी फोडला आणि १८६९ साली पूर्व-पश्चिम रूळ जोडले गेले. त्याच्या काही वर्षे आधी आपल्या घाटातही हजारो मजूर असेच खपले. त्यांचीही नावे कुठे लिहिलेली नाहीत. यांनी माझे पेन मागून घेतले. जुन्या सवयीप्रमाणे डायरीत स्टेशने आणि वेळा लिहायच्या होत्या. घड्याळाचे काटे दोन दिवसांत दोनदा मागे सरकले होते, त्याचाही हिशेब त्यात आला.

एमरीव्हिलला गाडी दहा मिनिटे आधी पोचली. रूळ तिथेच संपतात असे नव्हे, पण सॅन फ्रान्सिस्को खाडीपलीकडे आहे आणि तिथवर बसने जायचे. माझी मावसबहीण न्यायला येणार होती. पूल आला, डावीउजवीकडे निळे पाणी, समोर उंच इमारती. "अहो, बघा तरी!" म्हणून वळले तर हे गाढ झोपलेले. डायरी मांडीवर उघडी, माझे पेन खिशात.